मराठ्यांची लांबची मसलत

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. पालखेड, वसई, पानिपत, खर्डा ही नावे आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. कोणत्या रणात कोण पडला, कोणी वेढा फोडला, कोणी ऐन वेळी पाठ फिरवली, यावर गणपतीच्या मांडवात रात्र रात्र गप्पा रंगतात. पण या लढाया एकमेकींशी कशा जोडल्या होत्या, त्यांच्यामागे काही लांबचा विचार होता की नुसतीच दौड होती, हा प्रश्न क्वचितच निघतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम तोच प्रश्न घेतला आहे.

लढाई जिंकण्याची विद्या वेगळी आणि राज्य टिकवण्याची विद्या वेगळी. सैन्य, खजिना, तह, सोयरीक, व्यापार, किल्ले आणि शत्रूंमधली भांडणे, या साऱ्यांना एका उद्दिष्टाकडे वळवायचे आणि तेही एका पिढीपुरते नव्हे, याला इंग्रजीतले जाणकार ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणतात. आपल्याकडे ‘महाधोरण’ असा शब्द हल्ली वापरतात. जुन्या मोडी पत्रांत मात्र याहून बोलके शब्द आहेत: मसलत, मनसुबा आणि राजकारण. मसलत म्हणजे सल्लाही आणि स्वारीही. विचार आणि कृती यांना एकच शब्द असावा, यातच पुष्कळ काही आले.

प्रत्येक टिकलेल्या सत्तेची अशी काही मसलत असते. अथेन्सच्या पेरिक्लीसने आपल्या लोकांना सांगितले की तटाच्या आत राहा, आरमारावर भिस्त ठेवा, जमिनीवर स्पार्टाशी मोठी लढाई देऊ नका आणि युद्ध चालू असताना नवे मुलूख घेण्याच्या नादी लागू नका. तो गेल्यावर अथेन्सने इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर स्वारी काढली आणि तिथे आपले आरमार बुडवून घेतले. कॉन्स्टँटिनोपलचे बायझंटाईन सम्राट सोने, सोयरीक आणि वेळकाढूपणा यांच्या बळावर हजार वर्षे तगले. अठराव्या शतकातल्या इंग्लंडचे सूत्र असे होते की समुद्र आपल्या हाती असावा आणि युरोपात कोणी एकजण सर्वांहून बलवान होऊ नये. आपल्या कौटिल्याने तर राजमंडलाचा सिद्धान्तच मांडून ठेवला आहे, की सीमेला लागून असलेला राजा तो स्वाभाविक शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो स्वाभाविक मित्र.

मग मराठ्यांची मसलत कोणती होती? हा प्रश्न पुण्या-साताऱ्याच्या लोकांपेक्षा आपण विचारणे जास्त योग्य आहे. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या कितीतरी मराठी घरांचे मूळ त्या मसलतीत आहे. आपले पूर्वज इकडे तीर्थयात्रेला येऊन राहिले नाहीत. कोणी शिलेदार म्हणून आला, कोणी फडणिशीचा दप्तरबंद घेऊन, कोणी कमाविसदार म्हणून, तर कोणी त्यांच्यामागे पूजाअर्चा सांगायला. त्यांना इकडे कोणी आणि कशासाठी पाठवले, ते पाहू.

पाय रोवण्याची मसलत

शिवाजी महाराजांच्या काळात राज्य लहान आणि शत्रू प्रचंड होते. म्हणून त्यांची मसलत टिकाव धरण्याची होती. किल्ला हा तिचा कणा. मैदान गेले तरी किल्ला राहतो आणि किल्ला राहिला की मैदान परत घेता येते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी पस्तीसपैकी तेवीस किल्ले मोगलांना दिले. त्या दिवशी पाहणाऱ्याला तो सर्वनाश वाटला असेल. पण बारा किल्ले आणि वेळ, या दोन गोष्टी त्यांनी राखल्या होत्या. १६७० मध्ये दिलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला.

आरमाराचेही तसेच. घोड्यावर वाढलेल्या माणसाने समुद्राकडे पाहावे ही त्या काळी देशावर नवलाची गोष्ट होती. महाराजांच्या तालमीत तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे सुमारे १७१५ मध्ये ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, त्यांना किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नये, असा इशाराही त्यात आहे. प्लासीच्या चाळीस वर्षे आधी हे कोणाला सुचले होते, हे ध्यानात ठेवावे. पुढे याचा संबंध येणार आहे.

महाराजांची सर्वांत लांबची मसलत म्हणजे १६७७ ची दक्षिण दिग्विजयाची स्वारी. त्यांनी भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, जाऊन कुतुबशहाशी सख्य केले आणि जिंजी, वेलूर हा मुलूख ताब्यात आणला. इतक्या लांब कशाला, असे तेव्हाही काहींना वाटले असेल. उत्तर बारा वर्षांनी मिळाले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. अशा वेळी राजाराम महाराज वाट काढत जिंजीला पोचले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला. औरंगजेबाच्या फौजा जिंजीपुढे १६९० पासून १६९८ पर्यंत अडकून पडल्या. महाराजांनी जिंजी घेतली नसती तर राजाला पाठ टेकायला भिंतच उरली नसती. स्वतःच्या हयातीत जे उपयोगी पडेल की नाही ठाऊक नाही, त्याची तरतूद करून ठेवणे याला लांबची मसलत म्हणतात.

राजा दूर, राज्य घरोघर

औरंगजेबानेही मोठीच मसलत मांडली होती. दक्षिण एकदाची पुरी जिंकायची. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने घेतला. पण मराठ्यांचे राज्य एका राजधानीत नव्हतेच. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव त्याच्या रसदेवर तुटून पडत होते, रामचंद्रपंत महाराष्ट्रात किल्ल्यांचा मेळ राखत होते आणि १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दक्षिणेत घालवून औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. जगातल्या सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एक असलेले राज्य त्या पंचवीस वर्षांत आतून पोखरले गेले.

पण या विजयाची किंमत आपणही मोजली आणि ती फारशी सांगितली जात नाही. शिवाजी महाराज सरदारांना वतने-जहागिरी देण्याच्या विरुद्ध होते. रोख पगारावर त्यांचा भर होता. राजाराम महाराजांच्या हाती रोख काहीच नव्हते. सरदार मोगलांकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना मुलूख लिहून द्यावे लागले, त्यातले कित्येक तर अजून जिंकायचे होते. जो जिंकील त्याचा तो मुलूख. या एका सवलतीने राज्य वाचले आणि याच सवलतीतून पुढे सरंजामी पसारा उभा राहिला. मराठ्यांच्या वाढीचे आणि फुटीचे मूळ एकच आहे.

चौथाई: दुसऱ्याच्या छपराखाली घर

१७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या राजकारणातून दिल्लीला गेले आणि तिथून तीन सनदा घेऊन आले: स्वराज्याची, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. बदल्यात शाहू महाराजांनी पंधरा हजार फौज बादशहाच्या चाकरीसाठी ठेवायची आणि दरसाल दहा लाख पेशकश द्यायची होती. येसूबाईही या वेळी सुटून आल्या.

ज्यांच्याशी सत्तावीस वर्षे झुंजलो त्याच बादशहाची सनद कशाला हवी, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. पण त्या काळी दिल्लीचा शिक्का ही हिंदुस्थानभर चालणारी एकमेव मान्यता होती. सनद हाती असली की मराठा वसूलदार लुटारू ठरत नाही, हक्कदार ठरतो. तख्त मोडण्यापेक्षा तख्ताच्या नावाने कारभार करणे स्वस्त पडते, ही त्यामागची मसलत. पुढची नव्वद वर्षे उत्तरेतले मराठ्यांचे सारे राजकारण याच पायावर उभे राहिले.

वसुलाच्या वाटणीतही एक युक्ती होती. चौथाईचा चौथा भाग, बाबती, राजाचा. थोडा भाग इतर हक्कदारांचा. आणि उरलेला मोठा मोकासा सरदारांचा. एकेका सरदाराचे हक्क वेगवेगळ्या परगण्यांत विखुरलेले होते. एकाच्या हातात सलग मुलूख जाऊ नये आणि सर्वांचे हित एकमेकांत गुंतून राहावे, हा हेतू. दक्षिणेत ही युक्ती बरीच साधली. उत्तरेत मात्र सरदारांना सलग मुलूख मिळाले आणि गुंता सुटा झाला.

माळवाच का?

१७२० मध्ये विशीत असलेले बाजीराव पेशवे झाले. शाहू महाराजांच्या दरबारात त्यांचा आणि श्रीपतराव प्रतिनिधींचा वाद झाला. बखरकारांनी तो नाट्यमय रंगवला आहे. शब्द त्यांचे, पण दोन्ही बाजू खऱ्या होत्या. प्रतिनिधींचे म्हणणे असे की घर आधी बांधा. निजाम शेजारी बसला आहे, कोकण आणि कर्नाटक अर्धवट आहे, खजिना रिता आहे. मग उत्तरेकडे धावण्यात काय हशील? बाजीरावांचे म्हणणे असे की मोगल सत्तेचे खोड वाळले आहे, घाव खोडावर घाला, फांद्या आपोआप गळतील. आपण लहानपणापासून बाजीरावांच्या बाजूने ही गोष्ट ऐकत आलो. पण प्रतिनिधी भित्रे नव्हते. त्यांचा प्रश्न पुढे शंभर वर्षे जिवंत राहिला.

बाजीरावांनी निजामाकडे दुर्लक्ष केले असेही नाही. १७२८ मध्ये निजामाने पुणे घेतले, तेव्हा ते पुण्याच्या बचावाला धावले नाहीत; उलट खानदेश-गुजरातेकडे मुसंडी मारून त्यांनी निजामालाच आपल्या मागे ओढले आणि पालखेडजवळ पाणी तोडून कोंडले. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने चौथाईचा हक्क मान्य केला. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याची मोगल फौज मोडली. पुढच्या वर्षी बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला बाजीराव धावून गेले आणि तिकडेही पाय ठेवायला जागा मिळाली.

इथे आपल्या माळव्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. दिल्लीहून दक्षिणेला जाणारा राजरस्ता माळव्यातून जातो. माळवा हाती असला की निजाम आणि दिल्ली यांचा सांधा तुटतो. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला राजपुताना, पूर्वेला बुंदेलखंड, सगळीकडे इथून वाटा फुटतात. काळी कसदार जमीन, कापूस, अफू, गहू. फौज इथल्या दाणावैरणीवर राहू शकते, दरवर्षी दसऱ्याला नर्मदा ओलांडून येण्याची आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याची गरज उरत नाही. म्हणून इथे कायमची छावणी हवी होती. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि पवार यांची ठाणी इथे बसली: होळकर इंदूर-महेश्वरच्या पट्ट्यात, शिंदे उज्जैनीस, पवार धार आणि देवासला. गुजरातेत दाभाड्यांच्या हाताखालून वर आलेले गायकवाड बडोद्याला स्थिरावले. आपली गावे अशी वसली. ती एका मसलतीची मेखा होती.

१७३७ च्या मार्चअखेर बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले आणि शहर न लुटता परतले. चिमाजी आप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कारण दिले आहे. दिल्ली जाळून हाती काही लागणार नाही, उलट पुढच्या राजकारणाचा धागाच तुटेल, असा त्याचा आशय. दोनच वर्षांनी नादिरशहाने दिल्ली लुटून रक्ताचे पाट वाहवले आणि तो निघून गेला. लुटारूची दिल्ली आणि मुत्सद्द्याची दिल्ली यांतला फरक त्या दोन वर्षांत दिसतो. भोपाळला निजामाला पुन्हा कोंडून बाजीरावांनी जानेवारी १७३८ मध्ये माळवा लिहून घेतला. १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला ते वारले. मागे राहिले अफाट यश आणि डोक्यावर कर्ज. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली त्यांची पत्रे सावकारांच्या तगाद्याच्या काळजीने भरलेली आहेत.

राखणदार की वसूलदार?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात राज्याचा विस्तार सर्वांत मोठा झाला, पण मसलतीचे सांधे सुटू लागले ते याच काळात. १७५२ मध्ये बादशहाशी करार झाला. आतल्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली. म्हणजे अब्दालीला अडवणे हे आता आपले काम झाले. ज्याने सरहद्द राखायची त्याला सरहद्दीपर्यंतच्या लोकांची साथ हवी. आपण ती मिळवली का?

जयपूरच्या गादीचा तंटा पाहा. सवाई जयसिंह गेल्यावर ईश्वरीसिंह आणि माधोसिंह यांच्यात वारसाहक्काचे भांडण लागले. शिंदे एका बाजूला झुकले, होळकर दुसऱ्या. मध्यस्थी म्हणून सुरू झालेले प्रकरण खंडणीच्या मागणीवर येऊन ठेपले. १७५० च्या अखेरीस ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली आणि लवकरच जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात जाटांशी लढताना मल्हाररावांचा पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. राखणदार आणि वसूलदार एकच असला की घरधनी त्याला राखणदार मानत नाही. १७६१ च्या १४ जानेवारीला पानिपतावर सदाशिवरावभाऊ उभे होते, तेव्हा राजपूत तटस्थ होते, सूरजमल जाट निघून गेला होता आणि शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात होता. रसद तुटण्याआधी मित्र तुटले होते.

पानिपताइतकीच मोठी, पण पोवाड्यांत न आलेली चूक पाच वर्षे आधी घडली होती. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. घरचे भांडण मिटले, पण शिवाजी महाराजांपासून चालत आलेला समुद्रावरचा धाक त्या आगीत गेला. त्या मोहिमेत वॉटसन आणि क्लाइव्ह होते. सव्वा वर्षाने हेच दोघे बंगालच्या राजकारणात होते आणि प्लासीची लढाई झाली. आज्ञापत्राचा इशारा घरच्याच दप्तरात पडून होता.

सावरणे आणि दुभंगणे

पानिपताने मराठेशाही बुडाली असे आपण सर्रास म्हणतो. ते खरे नाही. थोरल्या माधवरावांनी १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवले, कर्जाचा डोंगर उपसायला घेतला आणि मृत्यूसमयीही कर्जफेडीची काळजी वाहिली. १७७२ च्या जानेवारीत, पानिपतानंतर अकराच वर्षांनी, महादजी शिंदे आणि इतर सरदारांनी शहा आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवले. एवढा मार खाऊन इतक्या लवकर उभी राहिलेली सत्ता दुबळी नसते.

१७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजी फौज शरण आली. पाठोपाठ नाना फडणिसांनी पुणे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौघांची एकजूट कंपनीविरुद्ध जुळवली. इंग्रज कोण आहेत हे ओळखून आखलेली ही हिंदुस्थानातली पहिली व्यापक मसलत. ती पुरती फळाला आली नाही, कारण कंपनीने निजाम आणि भोसले यांना निरनिराळ्या वाटांनी थंड केले. १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी तह झाला. आपली सत्ता टिकली, साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली.

त्या तहानंतर वीस वर्षे इंग्रजांशी मोठे युद्ध झाले नाही. ती वीस वर्षे आपण कशी वापरली, यात पुढचे सारे आले. महादजींनी दिल्लीत वकील-इ-मुतलक पद मिळवले आणि द बॉइन या फ्रेंच भाषिक सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना दिसले होते की नव्या युगात नुसते घोडदळ पुरणार नाही. नानांना दिसत होते की पुण्याचा लगाम सुटला तर राज्य एक राहणार नाही. दोघेही खरे होते आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती फौजेने होळकरांची फौज कापून काढली. मराठ्यांच्या सर्वांत आधुनिक तोफा मराठ्यांवरच चालल्या. त्याआधी १७९० ते १७९२ या काळात पुण्याने निजाम आणि इंग्रज यांच्या जोडीने टिपूला खच्ची केले. कौटिल्याच्या मंडलातून पाहिले तर इंग्रजांच्या पलीकडचा स्वाभाविक मित्र आपणच कमजोर केला.

मग माणसेही गेली. महादजी १७९४ मध्ये, अहिल्याबाई आणि सवाई माधवराव १७९५ मध्ये, तुकोजी होळकर १७९७ मध्ये, नाना १८०० मध्ये. माणसांवर चाललेली मसलत माणसांबरोबर संपली.

समोरच्याची मसलत

समोरच्या कंपनीचे धोरण एका माणसावर नव्हते. गव्हर्नर जनरल बदलत, पण १७६५ पासून बंगालचा महसूल हाती होता, सावकार तिला कर्ज देत, पलटणींना पगार वेळेवर मिळे आणि समुद्र मोकळा होता. वेलस्लीने तैनाती फौजेचे हत्यार पुढे केले: तुमच्या रक्षणाला आमची फौज, खर्च तुमचा, आणि परराष्ट्रव्यवहार आमच्या सल्ल्याने. १७९८ मध्ये निजाम यात अडकला, १७९९ मध्ये टिपू पडला, १८०२ मध्ये गायकवाडांनी तह केला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या आणि दुसरे बाजीराव पळून वसईला गेले. ३१ डिसेंबरला तिथे तह झाला. सव्वीस लाखांचा मुलूख लिहून देऊन पेशव्यांनी राज्याचे राजकारणच कंपनीच्या हाती दिले.

पुढचा क्रम मन घट्ट करून वाचावा. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. असई, दिल्ली, लासवारी, आडगाव; तीन महिन्यांच्या आत सारे आटोपले. द बॉइनच्या मागून आलेला पेरॉन आणि पुष्कळ परकी अधिकारी नोकरी सोडून गेले. १८०४ मध्ये यशवंतराव एकटे उठले, मुकुंदऱ्याच्या घाटातून मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, पण तोवर शिंदे आणि भोसले हात बांधून बसले होते. १८१७ मध्ये पुन्हा तेच: पेशवे, भोसले, होळकर वेगवेगळ्या वेळी उठले आणि वेगवेगळे पडले. २१ डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई तर आपल्या उंबऱ्यावरची. शौर्य तिथेही कमी नव्हते. सगळे मिळून एका दिवशी लढले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण ते एका दिवशी लढू शकले नाहीत, कारण तसे ठरवण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नव्हता.

एवढे सारे पाहून आमच्या मते तीन गोष्टी ठरतात. मराठ्यांना मसलत नव्हती हा इंग्रजी इतिहासकारांचा जुना आरोप खोटा आहे. जिंजी, माळवा आणि १७८० ची एकजूट ही त्याची उत्तरे आहेत. पण ती मसलत खजिन्यात रुजली नाही. स्वारीने कर्ज फेडायचे आणि कर्जाने स्वारी काढायची हे चक्र थांबले नाही. आणि ती कोणत्याही मंडळात, दप्तरात किंवा नियमात रुजली नाही. नाना-महादजींच्या डोक्यात होती तोवरच चालली. प्रतिनिधींचा ‘घर आधी बांधा’ हा मुद्दा बाजीरावांनी खोडला खरा, पण काळाने तो पुरता खोडला नाही.

मेखा उरल्या

तंबू उखडला, मेखा मात्र राहिल्या. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, त्या छावणीचे शहर झाले आणि त्याचे नाव आजही ‘लश्कर’ आहे. मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी म्हणून इंदूर स्थिरावले. फौजेसाठी आलेली घरे पेठांत, वाड्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत रुजली. ज्या मुलखात आपण वसूलदार म्हणून आलो, तिथल्या लोकांनी आपल्याला शेजारी म्हणून सामावून घेतले, हेही कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

या इतिहासातले बरेच काही अशाच दूरच्या घरांमुळे कळले आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो वाईला सापडलेल्या कागदांतून. रियासतकार सरदेसाईंनी आपले आयुष्याचे मोठे काम बडोद्याच्या नोकरीत राहून उभे केले. कोट्याच्या गुळगुळे घराण्याने दप्तर जपले म्हणून शिंद्यांचे राजपुतान्यातले राजकारण आज वाचता येते. मसलत कुठल्या एका ग्रंथात लिहून ठेवलेली नसते. ती जमाखर्चात, रोजकीर्दीत, दाणावैरणीच्या हिशेबात, ‘फौज अमुक मुक्कामी आहे, खर्चास पैका नाही’ अशा साध्या मजकुरात असते.

असे रुमाल अजून आपल्यातल्या काही घरांत माळ्यावर आहेत. मोडी येत नाही म्हणून ते कोणी उघडत नाही, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतला एखादा कमी होतो. मोडी लिपी शिकायला फार काळ लागत नाही. नियमित बसले तर काही महिन्यांत साधी पत्रे लागू लागतात. आपल्या मंडळाने या वर्षी मोडीचा एक वर्ग सुरू करावा आणि ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. आपले पूर्वज इकडे का आले, याचे आपल्यापुरते नेमके उत्तर त्या रुमालात असण्याची शक्यता आहे.